अन्नवस्त्र आणि वाटा

काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द ज्या समाजाच्या बोलीत रुळलेले आहेत, त्या समाजाला घटस्फोट हे परक्यांकडून आलेले खूळ वाटण्याचे कारण नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी चार पंचांसमोर गवताची काडी मोडली, नको झालेला संसार संपवला आणि वाटले तर पाट लावून दुसरा थाटला. सवर्ण स्त्री त्या काळात एकाच नवऱ्याच्या नावाने जळत होती. हा फरक आपण सभासंमेलनांतून अभिमानाने सांगतो. मीही वर्गात सांगते. तो खराच आहे. परंतु काडी मोडली त्या दिवशी त्या बाईच्या कडेवर जे मूल होते त्याचे काय झाले, हे आपण सांगत नाही. आणि ते मूल जर चालू न शकणारे, बोलू न शकणारे, मोठे होऊनही मोठे न होणारे असेल, तर त्याचा उल्लेख आपल्या इतिहासात जवळजवळ नसतोच.

माझ्या आत्याच्या पत्र्याच्या पेटीत १९८१ सालचा एक फारकतनामा सापडला. साध्या स्टॅम्पपेपरवर, गावच्या मास्तराच्या अक्षरात लिहिलेला. खाली तिचा अंगठा, तिच्या नवऱ्याची सही आणि पाच पंचांची नावे. तिला दोन मुलगे होते, एक आठ वर्षांचा आणि एक पाच. कागदाचा सारांश असा : थोरला मुलगा बापाकडे राहील. धाकटा 'आजारी' असल्याने आईकडे राहील. तो कामधंद्यास लायक झाल्यावर बापाने त्याला घेऊन जावे. तोवर दर सुगीला एक पोते ज्वारी बाप देईल.

हा धाकटा म्हणजे आमचा दादा. तो आजारी नव्हता. जन्मताच त्याच्या मेंदूला इजा झाली होती. तो 'लायक' झाला नाही, त्यामुळे त्याला न्यायला कोणी आले नाही. ज्वारीचे पोते दोन सुग्या आले. आत्याने त्याला तीस वर्षे भरवले, धुतले, पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेले. २०११ साली तो गेला तेव्हा तिचे वय साठीच्या घरात होते आणि तिच्या कमरेत वाकण्याचे बळ उरले नव्हते.

'कामधंद्यास लायक झाल्यावर' ही तीन शब्दांची अट मला विसरता येत नाही. राबणारे हात बापाचे, न राबणारे आईचे, अशी ती वाटणी होती. ही एका गावातल्या एका कागदाची गोष्ट आहे. त्यावरून सबंध समाजाचा नियम काढू नये, हे मला कळते. पण हा विचार पंचांच्या डोक्यात आला कोठून, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि तो विचारलाच पाहिजे.

आधी रूढीविषयी. इंग्रजी अमलात उच्च न्यायालयांनी जातींच्या रूढी मानल्या असे म्हटले जाते, पण त्या स्वतःच्या चाळणीतून गाळून मानल्या. १८६४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. नवऱ्याच्या संमतीवाचून बाईला दुसरे लग्न करू देणारी आमच्या जातीची रूढी आहे, हा बचाव न्यायालयाने फेटाळला. १८७६ साली त्याच न्यायालयाने म्हटले की, विवाह मोडला असे जाहीर करून बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानीत नाही. शास्त्राने जे सवर्ण स्त्रीला नाकारले होते ते न्यायालयाने शूद्र-अतिशूद्र स्त्रीच्या हातूनही काढून घ्यायला सुरुवात केली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली आणि बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ साली घटस्फोटाला कायद्याचा आधार दिला, मुंबई प्रांताने १९४७ साली दिला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली आणि तिने स्त्रीला कायद्याने घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद झाले पाहिजे, असे ठराव केले. हिंदू कोड बिल बाबासाहेबांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. स्त्रीमुक्तीचा इतिहास लिहिणारे अनेक विद्वान या परिषदेला एक ओळ देतात, काही तीही देत नाहीत.

१९४९ च्या चर्चेत बाबासाहेबांनी विरोधकांना दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. हिंदू समाजात बहुसंख्य शूद्र आहेत, त्यांच्यात रूढीने घटस्फोट आहे. मूठभरांचा नियम तुम्ही सर्वांवर लादणार आहात काय, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे आमच्या बायांची मोडलेली काडी त्यांनी कायदेमंडळात पुरावा म्हणून ठेवली. बिल रखडले, २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि पुढे १९५५-५६ मध्ये त्या बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. १९५५ च्या विवाह कायद्याने कलम २९ मध्ये रूढीचा घटस्फोट कायम ठेवला. बौद्धांनाही हाच कायदा लागू आहे. मात्र रूढी आहे एवढे म्हणून भागत नाही, ती पुराव्याने सिद्ध करावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली पुन्हा सांगितले. ज्या जातीची रूढी सांगायची ती जात आम्ही १९५६ साली टाकून दिली, ही आमची अडचण न्यायालयाला कशी समजावणार? आत्याचा फारकतनामा ज्या भिंतीला टेकून लिहिला गेला तिच्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती.

आता त्या मुलाकडे येऊ.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारशातून कोणाला वगळावे याची यादी आहे. तीत नपुंसक आणि पतित यांच्या जोडीने जन्मांध, बहिरे, वेडे, जड बुद्धीचे, मुके आणि इंद्रियहीन येतात. त्यांना वाटा नाही. लगेच पुढे सांगितले आहे की, त्यांना आयुष्यभर अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होईल. याज्ञवल्क्य हेच सांगतो आणि मिताक्षरा त्यावर भाष्य करते. तेथे आणखी एक बारकावा आहे : अशा पुरुषांच्या निपुत्रिक बायकांना त्या सदाचारी असतील तरच पोसावे, व्यभिचारी असतील तर हाकलावे. मनूची पोथी आपण १९२७ साली महाडला जाळली ती अस्पृश्यतेसाठी आणि स्त्रीदास्यासाठी. या श्लोकांकडे आपलेही लक्ष गेले नाही, हे कबूल करायला हवे.

ज्यांच्याकडे वाटून घ्यायला जमीनच नव्हती त्यांना वारशाच्या या नियमाचे काय, असे कोणी विचारील. मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते. पण या नियमाचा खरा गाभा जमिनीत नाही, तो 'वाटा' आणि 'अन्नवस्त्र' या फरकात आहे. वाटा ज्याला मिळतो तो कुटुंबाचा घटक. अन्नवस्त्र ज्याला मिळते त्याचे पोट भरेल, पण घरात त्याचे म्हणणे चालणार नाही. टाकलेल्या बायकोला जे मिळे त्यालाही अन्नवस्त्रच म्हणत. येसकराला दारोदार वाढली जाणारी भाकर ज्यांनी पाहिली आहे किंवा आईबापांकडून ऐकली आहे त्यांना हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही.

१९२८ साली इंग्रज सरकारच्या काळात वारशातील अपात्रता दूर करणारा कायदा झाला. आंधळे, बहिरे, लुळे यांना वाटा मिळाला. मात्र जन्मापासून वेडे किंवा जडबुद्धी असलेल्यांना त्या कायद्याने बाहेरच ठेवले. १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम २८ ने कोणताही रोग, दोष वा व्यंग वारशाआड येणार नाही असे म्हटले तेव्हा कोठे ते आत आले. म्हणजे दादासारख्या मुलाला बापाच्या मालमत्तेत माणूस म्हणून उभे राहायला स्वतंत्र भारताचीही नऊ वर्षे जावी लागली. हे कलम हिंदू कोडाच्याच कुळातले आहे. बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी काय केले हे सांगताना आपण ते विसरतो.

पण त्याच १९५६ सालच्या पोटगीच्या कायद्यात एक भोक राहिले. कलम २० प्रमाणे मुलाला आईबापांकडून पोटगी मिळते ती सज्ञान होईपर्यंत. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर पुढेही मिळते. अठरा वर्षांचा झालेला, पण स्वतःचा घास स्वतः घेऊ न शकणारा मुलगा या कलमात नाही. विवाह कायद्याचे कलम २६ देखील अज्ञान मुलांपुरतेच बोलते. मुलगा म्हटला की तो अठराव्या वर्षी कमावता होणारच, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. आत्याच्या पंचांनीही तेच गृहीत धरले.

हे भोक १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने बुजवले. शारीरिक किंवा मानसिक वैगुण्यामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारे सज्ञान अपत्य कलम १२५ खाली पोटगी मागू शकते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १४४ मध्येही ती तरतूद आहे. आत्याने काडी मोडली तेव्हा हा कायदा सात वर्षे अमलात होता. पोटगीला महिना पाचशेची मर्यादा होती, ती २००१ पर्यंत उठली नाही. तरी पाचशे म्हणजे त्या वेळी आत्याच्या कितीतरी आठवड्यांची मजुरी. तालुक्याच्या कोर्टात जाऊन अर्ज करता येतो हे तिला कोणी सांगितले नाही. पंचांत एक जण शिक्षक होता आणि एक जण पक्षाचा तालुका पदाधिकारी. त्यांनाही ठाऊक नव्हते, की ठाऊक असून बोलले नाहीत, हे आता कळायला मार्ग नाही.

सगळा दोष ब्राह्मणी ग्रंथांच्या माथी मारून मोकळे होणे मला जमत नाही. पंचांनी मिताक्षरा वाचलेली नव्हती. पोटासाठी राबणाऱ्या घरात मुलाचे हात ही मिळकत असते आणि न चालणारे हात हा खर्च असतो. दारिद्र्य हा हिशेब कोणालाही शिकवते. पण दारिद्र्याने हे सांगितले नव्हते की तो खर्च एकट्या आईने सोसावा. ते पुरुषसत्तेने सांगितले. आणि मूल असे का झाले, याचे उत्तर वस्तीने आईच्या मागच्या जन्मात शोधले. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी स्पष्टपणे नाकारला आहे. त्या ग्रंथाचे पारायण करणाऱ्या घरांतही अपंग मूल झाले की बाईच्या पदरात कोणते पाप होते याची कुजबुज थांबत नाही.

(मी 'अपंग' लिहिते. 'दिव्यांग' हा सरकारी शब्द आहे आणि तो वापरणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण 'हरिजन' या शब्दाची चव ज्यांनी एकदा घेतली आहे त्यांना देवाचे नाव चिकटवून केलेला गौरव लवकर पचत नाही.)

यानंतर प्रश्न येतो ताब्याचा. हा शब्दच पाहा. शेताचा ताबा, घराचा ताबा, मुलाचा ताबा. १९५६ च्या पालकत्व कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ, म्हणजे दूध आणि मलमूत्राचे वय तिचे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने 'त्याच्यानंतर' याचा अर्थ 'तो मेल्यावर' असा नसून 'त्याच्या गैरहजेरीत' असा लावला, त्यामुळे बाप जिवंत असूनही लक्ष देत नसेल तर आई पालक ठरू शकते. २०१५ साली विधी आयोगाने २५७ व्या अहवालात दोघांकडे संयुक्त ताबा देण्याची सोय कायद्यात करावी अशी शिफारस केली. तसा बदल कायद्यात अजून झालेला नाही.

या साऱ्या प्रवासात प्रश्न एकच राहिला : मूल कोणाकडे? जे मूल चार वर्षांनी स्वतः दप्तर भरून शाळेत जाणार आहे त्याच्यापुरता हा प्रश्न कदाचित पुरेसा असेल. ज्याला रोज दोन वेळा कोणीतरी हातपाय ताणून व्यायाम द्यायचा आहे, त्याच्या बाबतीत खरा प्रश्न 'कोणाकडे' हा नाही, 'कोण काय करणार' हा आहे. तो पंचांनी विचारला नाही, न्यायालयांतही क्वचितच विचारला जातो.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि फिट्स येतात. त्याचे वडील एस. टी. त वाहक आहेत. २०१९ साली आम्ही परस्परसंमतीने वेगळे झालो. भांडणाचे कारण मूल नव्हते; पण मुलाच्या रात्री जागवताना माणसाजवळ भांडण मिटवायला लागणारे बळ उरत नाही, हेही खरे. वकिलांनी संमतीचा मसुदा टाइप करून आणला. ताबा आईकडे, पोटगी इतकी, भेट दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी अकरा ते पाच. नावे बदलली की तो कोणत्याही जोडप्याला चालला असता.

पहिले सात-आठ महिने ते शनिवार पाळले गेले. वडील फुगे आणत, बिस्किटे आणत. त्याला शौचाला कसे बसवायचे हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून पाच वाजेपर्यंत तो तसाच राही. एका शनिवारी त्यांच्यासमोर फिट आली आणि त्यांनी मला फोन केला. मी तेथून चाळीस किलोमीटरवर परीक्षेच्या कामात होते. फोनवरून मी सांगत होते, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. त्यांचा आवाज कापत होता. पाच वर्षे एका घरात राहूनही हे त्यांना शिकवण्याची गरज मला कधी वाटली नव्हती आणि शिकून घेण्याची त्यांना. याचा दोष अर्धा माझाही आहे. आईलाच सगळे कळते या कौतुकावर मी जगत होते.

त्या दिवशी मला आत्याचा कागद आठवला. महिन्याला खात्यात येणारी पोटगी आणि सुगीला येणारे पोते यांत जात एकच आहे, अन्नवस्त्राची. मी त्यांना म्हटले, तुम्ही पोटगी कमी करा, पण मंगळवार घ्या. ते चिडले. आमच्या चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला समजावले, ''ताई, तो वेळेवर पैसे देतो, दुसरं लग्नही केलेलं नाही. आणखी काय पाहिजे तुम्हाला?'' त्यांना मी आदराने मानते. पण श्रमाच्या वाटपावर तासभर बोलणाऱ्या माणसाला हा श्रम दिसू नये याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघे माझ्या आईच्या ओसरीवर बसलो आणि वहीच्या कागदावर कामे लिहून काढली. सकाळचा व्यायाम, संध्याकाळचा व्यायाम, रात्रीची गोळी. थेरपीला नेणे आठवड्यातून तीनदा. हाड वाढते तसे कॅलिपर बदलणे. शाळेच्या बैठका. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यामागच्या फेऱ्या. घालण्याचे, धुण्याचे काम. कागद भरला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी ड्युटीचा तक्ता काढला. वाहकाची साप्ताहिक सुट्टी शनिवारी नसते, हे कोर्टाच्या मसुद्याला ठाऊक नव्हते. आता भेटीचा दिवस त्यांच्या सुट्टीप्रमाणे ठरतो आणि तिला आम्ही भेट म्हणत नाही. त्या दिवशीची थेरपी, व्यायाम आणि रात्र त्यांची. पहिले सहा महिने त्यांनी निम्म्या वेळा चुकवले. आता क्वचित चुकवतात. कॅलिपरचे काम पूर्ण त्यांचे आहे, मला त्या कारागिराचे दुकानही ठाऊक नाही. आमचे जमले म्हणून सर्वांचे जमेल असे मी म्हणत नाही. आम्हा दोघांना पगार आहे, माझी आई हाताशी आहे. आत्याच्या नवऱ्याशी असे बसून बोलण्याची शक्यताच नव्हती. आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्याशी बसून कामे वाटा, असा उपदेश कोणी कोणत्याही बाईला करू नये.

पुढची काळजी अठराव्या वर्षाची आहे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका मुलाचे प्रकरण आले. बावीस वर्षांचा, अमेरिकेत जन्मलेला, सेरेब्रल पाल्सी असलेला, आईबाप विभक्त, बाप त्याला चेन्नईला घेऊन आला होता. उच्च न्यायालयाने मुलाशी बोलून तो स्वेच्छेने राहतो आहे असे मानले. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांचा अहवाल पाहिला : त्याची समज आठ ते दहा वर्षांच्या मुलाची होती. त्याला आईबरोबर, भावाकडे परत जाऊ द्यावे असा निर्णय झाला. निर्णय मला योग्य वाटतो. पण आईबाप सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ शकले म्हणून तो झाला.

आमच्यासारख्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुअपंगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच्या नियमावलीत लिहिले आहे की, आईबाप दोघांनी मिळून अर्ज करावा. मृत्यू, घटस्फोट, कायदेशीर विभक्ती, परित्याग किंवा शिक्षा यांमुळे दुसरा गैरहजर असेल तर एकट्याने करावा. मृत्यूच्या शेजारी घटस्फोट. एकट्या पडलेल्या आईला हे कलम उपयोगी आहे, आत्याला झाले असते. पण काडी मोडली की बाप मेल्यासारखाच, हे त्यात किती सहज धरले आहे.

आमच्या वहीच्या कागदाची शेवटची ओळ २०३२ सालची आहे. 'पालकत्वाचा अर्ज – दोघांनी' असे मुलाच्या वडिलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. समिती तो तसा घेते की एकाचे नाव खोडायला सांगते, हे तेव्हा कळेल.